एक महिन्याची मुदत

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस निघालेला रस्ता मुचकुंदी नदीच्या मुखाशी उतरतो, तेथे समुद्राच्या अंगाला टेकडीवर पूर्णगडचा किल्ला उभा आहे. किल्ला छोटेखानी. दरवाजावर गणपती व चंद्रसूर्य कोरलेले आहेत, आणि पश्चिमेच्या तटात दर्याकडे उघडणारा एक दरवाजा आहे. त्या दरवाजात उभे राहिले म्हणजे खाडीत शिरणारे व खाडीतून बाहेर पडणारे प्रत्येक गलबत नजरेच्या टप्प्यात येते. पलीकडच्या तीरावर गावखडी. आत खाडीखाडीने गेल्यास सातवली. एवढ्या लहान दुर्गाचे प्रयोजन काय, हे त्या दरवाजात उभे राहिल्यावर कोणी सांगावे लागत नाही.

आम्ही गेलो तेव्हा तटाच्या सावलीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी कोकणच्या रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न केला, “कुठचे तुम्ही?” आम्ही म्हटले, “वसईचे.” “म्हणजे आधी फिरंग्यांचे, मग पेशव्यांचे, मग इंग्रजांचे,” ते बोटे मोजीत म्हणाले, “आणि गाव तेच!” आम्ही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र ते वाक्य मनातून जाईना. राज्य बदलले तरी गाव तेच राहते हे खरे. पण त्या गावातला माणूस कोणाचा ठरतो? त्याने आपल्या घरात राहावे ते कोणत्या हक्काने? आणि गावाची शीव ओलांडून तो बाहेर गेला तर त्याला परत येऊ देतात काय? इतिहासाची पुस्तके निशाण उतरल्याची व निशाण चढल्याची तारीख देतात. निशाणाखाली उभ्या असलेल्या माणसाला त्या दिवशी कोणता कागद मिळाला, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. ती थोडीशी करून पाहावी एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभ आमच्याच गावापासून करू. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाला, त्या वेळी पोर्तुगीज सेनाधिकारी कायतान द सौझ परेरा याने तहाची कलमे लिहून घेतली. शिबंदीने सन्मानाने, शस्त्रांनिशी बाहेर पडावे; ज्यांना जायचे असेल त्यांनी आपली जंगम मालमत्ता घेऊन जावे; जे मागे राहतील त्यांच्या धर्माला उपद्रव होऊ नये; हे सर्व उरकण्यास मुदत आठ दिवसांची. त्या काळाच्या मानाने ही कलमे उदारच म्हटली पाहिजेत. परंतु जंगम मालमत्ता म्हणजे पेटारे, दागिने, चांदीची भांडी. ज्याची सगळी मालमत्ता म्हणजे भाताचे खाचर, केळीची वाडी आणि विहीर, त्याने आठ दिवसांत काय उचलून न्यावे? श्रीमंत पोर्तुगीज व मोठ्या मठांतले धर्मगुरू गेले. कोळी, कुणबी, आगरी, सामवेदी ख्रिस्ती जागच्या जागी राहिले. ते कोणाचे प्रजाजन, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. जो वसूल घेईल त्याचे, एवढे साधे उत्तर त्या शतकाला पुरत होते.

पूर्णगडास १८१८ साली आठ दिवसांचीही मुदत मिळाली नसावी, कारण तशी गरजच कोणाला भासली नाही. पेशवाई बुडाली, रत्नागिरीचे किल्ले एकामागून एक कंपनी सरकारच्या हाती गेले, आणि पेशव्यांची रयत ती कंपनीची रयत झाली. जमिनीवरच्या माणसाला कागद लागत नव्हता.

समुद्रावरच्या माणसाला मात्र तो फार पूर्वीपासून लागत होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी ह्या किनाऱ्यावर ‘कार्ताझ’ सुरू केला. गलबत कोणाचे, तांडेल कोण, हत्यारे किती, कोठून कोठे जाणार, हे सर्व त्यात लिहिलेले असे. कार्ताझ नसलेले गलबत मालासकट जप्त होई. ज्या दर्यावर कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या तारवे हाकीत आला, त्याच दर्यावर जाण्यासाठी परक्याची चिठ्ठी घ्यायची! पुढे कान्होजी आंग्र्यांनी हा न्याय उलटा फिरवला आणि इंग्रज-पोर्तुगीजांच्या जहाजांकडे स्वतःचे दस्तक मागितले. त्यांनी कान्होजींना चाचा ठरवले. कागद मागण्याचा अधिकार हीच सार्वभौमत्वाची खूण, हे उभय पक्षांना पुरते ठाऊक होते. पूर्णगडसारखे खाडीतोंडचे किल्ले ह्याच खुणेचे दगडी रूप होत.

पूर्णगडाहून किनाऱ्याने दक्षिणेस निघालो तर विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि रेडी मागे टाकून आपण तेरेखोलच्या मुखाशी येतो. तेथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य सुरू होत असे. आज त्या सीमेची कल्पनाही तरुण वाचकांना येणार नाही. बांदे आणि पत्रादेवी यांच्यामध्ये भाषेची सीमा नव्हती, सोयरिकीची नव्हती, देवळा-चर्चच्या जत्रा-फेस्तांची तर नव्हतीच. ब्रिटिश अमदानीत ती सीमा विरळही होती. १८७८ च्या डिसेंबरात लिस्बन येथे उभय सरकारांत करार होऊन १८८० पासून बारा वर्षे जमिनीवरची जकातनाकी उठली. त्या बदल्यात गोव्याचे मीठ इंग्रजांच्या मुठीत गेले व मिठागरवाल्यांचे नुकसान झाले, हा भाग निराळा. करार संपला तरी माणसांची ये-जा संपली नाही. मुंबईच्या धोबीतलावाच्या परिसरात गावागावाच्या नावाने गोमंतकीयांच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या. बोटीवरचे खलाशी व बबर्जी, वाजंत्री, शिंपी, शिक्षक एकेका खाटेवर आळीपाळीने निजत आणि मे महिन्यात गावी जात. कायद्याने ते पोर्तुगीज प्रजाजन. पण मुंबईत त्यांना परके असे कोणी मानीत नसे, आणि तेही स्वतःला तसे मानीत नसत.

परकेपणाची जाणीव प्रथम कोणी करून दिली हे नमूद केले पाहिजे, कारण पुढील हकीकत एकतर्फी वाटू नये. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याची मागणी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने त्यांना पकडून सीमेपलीकडे नेऊन सोडले. सप्टेंबरात ते पुन्हा आले, तेव्हा पुन्हा पकडून हद्दपार केले. लोहिया परदेशी म्हणून हद्दपार झाले. त्रिस्ताँव ब्रागांझ कुन्हा गोव्याचेच, म्हणून त्यांना परदेशी म्हणता येईना. त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिशच्या तुरुंगात धाडले. एकाला गोव्यात येऊ दिले नाही, दुसऱ्याला गोव्यात राहू दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर सीमा घट्ट होत गेली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले व्यवहार तोडले. रेल्वे बंद झाली, पणजीतील भारतीय वकिलात बंद झाली, येण्याजाण्यास परवाना लागू लागला. हेतू पोर्तुगीज सरकारची कोंडी करण्याचा होता. पण कोंडीची पहिली झळ धोबीतलावच्या कुडीतल्या माणसाला लागली. आईच्या मयताला जायचे तरी अर्ज, लेकीच्या लग्नाला यायचे तरी अर्ज. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात त्या वर्षांतली लग्नपत्रिका अजून जपून ठेवलेली आहे. तिच्यावर वराकडील मंडळींची नावे आहेत; पण त्यांच्यापैकी लग्नाला कोणीही पोहोचू शकले नव्हते.

ह्याच काळात येण्याजाण्याच्या हक्काचा प्रश्न थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तो आमच्या उत्तर कोकणच्या उंबरठ्यावरून. दमण पोर्तुगीजांचे, दादरा व नगरहवेलीही पोर्तुगीजांच्या. मधली वापीची पट्टी भारताची. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा व नगरहवेली मुक्त झाल्या, आणि मधल्या पट्टीतून जाऊ न दिल्याबद्दल पोर्तुगालने भारतावर दावा लावला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना ये-जा करू देण्याची वहिवाट जुनी आहे, म्हणून तो हक्क मान्य. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो हक्क नाही. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. उभय पक्षांनी आपापल्या सोयीचा भाग घेऊन समाधान मानले. आम्हांस ह्या निकालात एक गोष्ट मोलाची वाटते: बंदुकीचा रस्ता आणि माणसाचा रस्ता न्यायालयाने वेगळा केला.

राष्ट्रीयत्वाचा हा घोळ आमच्या धर्मप्रांताच्या पायऱ्यांपर्यंतही आला होता, याचे विस्मरण आता झाले आहे. १९२८ साली व्हॅटिकन व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारानुसार मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असावा असे ठरले. त्याप्रमाणे जोआकिम लिमा आले व त्यांच्यामागून १९३७ साली थॉमस रॉबर्ट्स आले. भारतीय माणसाला त्या आळीपाळीत पाळीच नव्हती! रॉबर्ट्स यांनी स्वतःहून बाजूला होऊन वाट मोकळी केली, १९५० च्या करारान्वये पोर्तुगालने तो अधिकार सोडला, आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले. त्यांचा जन्म १९०० साली कराचीचा, आईवडील गोमंतकीय. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती, १९४७ नंतर ती पाकिस्तानात गेली; आईवडिलांचे गाव १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. जन्मभूमी एका परक्या राष्ट्रात, पितृभूमी दुसऱ्या परक्या सत्तेखाली, आणि स्वतः भारतीय चर्चचे पहिले कार्डिनल. राष्ट्रीयत्व भूमीला चिकटलेले असते असे म्हणणाऱ्यांनी ह्या एका उदाहरणाचा उलगडा करून दाखवावा.

आता मूळ प्रकरणाकडे येऊ. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सेनेने शरणागती पत्करली आणि २० तारखेपासून गोवा, दमण व दीव भारताचे केंद्रशासित प्रदेश झाले. माणसांचा निर्णय १९६२ च्या मार्चअखेरीस निघालेल्या नागरिकत्व आदेशाने झाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जो स्वतः जन्मला असेल, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणी जन्मले असेल, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला असे मानले जाईल. आदेश प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्याच्या आत ज्याने लेखी कळविले की मला माझे पूर्वीचेच राष्ट्रीयत्व ठेवायचे आहे, तो मात्र अपवाद.

ह्या रचनेतला उदारपणा प्रथम पाहावा. कोणाकडे पुरावा मागितला नाही, निष्ठेची शपथ मागितली नाही, पोर्तुगीज राजवटीत कोण कोणत्या हुद्द्यावर होता हे विचारले नाही. आजीच्या जन्मावरूनही नातवाला नागरिकत्व दिले. गप्प बसला तो भारतीय झाला, आणि बहुतेक सारा गोवा गप्प बसला. काहींचे मौन आनंदाचे होते, काहींचे काळजीचे. काहींना आदेश निघाल्याचे कळलेही नसेल. कायद्याला मौनाची कारणे लागत नाहीत.

एक धर्मगुरू गप्प बसले नाहीत. मोन्सिनोर सेबास्तियाँव फ्रान्सिस्को मोंतेरो हे गोव्याचेच. मुदत संपत आली असता, २७ एप्रिल १९६२ रोजी, त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवीत असल्याचे लिहून दिले. लगोलग त्यांची नोंद परदेशी म्हणून झाली व त्यांना राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला. त्याची मुदत १३ नोव्हेंबर १९६४ रोजी संपली. फादरनी मुदतवाढ मागितली नाही. स्वतःच्या घरात राहण्यासाठी परवाना मागणे म्हणजे घर आपले नाही असे कबूल करणे, असे त्यांना वाटले असल्यास ते समजण्यासारखे आहे. देश सोडून जाण्याचा हुकूम निघाला. ते गेले नाहीत. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली खटला होऊन तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड अशी शिक्षा झाली. ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयातही ती कायम झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले.

फादर मोंतेरो यांच्या वतीने आधार घेतला तो जिनिव्हा कराराचा. भारताने १९६० साली त्यासंबंधी कायदा केला होता. युद्धात व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला तेथून बाहेर घालवता येत नाही, आणि प्रदेश जोडून घेतल्यानेही त्याचे संरक्षण संपत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी १९६९ च्या मार्चमध्ये निकाल दिला. लष्करी ताबा ही तात्पुरती अवस्था आहे. प्रदेश रीतसर सामील झाला व प्रतिकार संपला, की ताबा संपून सार्वभौमत्व सुरू होते, आणि मग तो करार लागू राहत नाही. शिवाय निवड फादरनी स्वतःच केली होती. अपील फेटाळले गेले.

निकाल कायद्याच्या कसोटीवर चुकला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, आणि फादरांच्या राजकीय मताशी आमचे जुळते असेही नाही. ज्या सत्तेचे राष्ट्रीयत्व त्यांनी राखले, तिच्याच तुरुंगात त्या वेळी मोहन रानडे व तेलो मास्कारेन्हास खितपत पडले होते. आमचे म्हणणे प्रश्नाच्या मांडणीपुरते आहे. आदेशाने विचारले: तुझे राष्ट्रीयत्व कोणते? ऐकणाऱ्याच्या कानी पडले: तुझे मन कोणाकडे? परंतु ज्याचे उत्तर त्याला पुढे भोगावे लागले तो प्रश्न तिसराच होता: तू इथे राहणार की नाही? हा तिसरा प्रश्न आदेशाच्या त्या परिच्छेदात कोठेच लिहिलेला नव्हता. राष्ट्रीयत्व राखण्याची मुभा दिली, पण ते राखून आपल्या गावी राहता येईल की नाही ह्याबद्दल एक अक्षर नव्हते. वसईच्या तहातली आठ दिवसांची मुदत कठोर असेल. पण ‘जायचे असेल तर जा, राहायचे असेल तर राहा’ एवढे तरी तिने उघड सांगितले होते.

हे वेगळ्या रीतीने करता आले असते याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सने १९५४ साली सोडला, १९५६ साली करार झाला व तो १९६२ च्या ऑगस्टात अमलात आला. तेथेही रहिवासी भारतीय झाले, तेथेही फ्रेंच राष्ट्रीयत्व राखण्याची सवड होती; मुदत मात्र सहा महिन्यांची. काही हजार लोकांनी फ्रेंच राहणे पसंत केले, आणि त्यांची कुटुंबे आजही त्याच गल्ल्यांत राहतात, फ्रान्सच्या निवडणुकांत मते देतात. अर्थात फरकाचे कारण भारताच्या मनात दुजाभाव होता असे नव्हे. फ्रान्स वाटाघाटीला बसला, सालाझार बसला नाही. दोन सरकारे टेबलाशी बसली तर मधल्या माणसासाठी चार कलमे लिहिली जातात. पोर्तुगालने तर उलट दिशेने सूड घेतला. मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले, त्यांची मालमत्ता गोठवली व त्यांना देशाबाहेर काढले. त्या दुकानदारांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या पारपत्रावर अशोकस्तंभ होता.

पोर्तुगालमध्ये सत्तापालट झाल्यावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार होऊन त्या देशाने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. प्रकरण येथे मिटले असे वाटावे, तर ते दुसऱ्या टोकाने उघडले. पोर्तुगीज कायद्याच्या लेखी १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेला माणूस पोर्तुगीज म्हणून जन्मला होता. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात त्या जन्माची नोंद करून घेतली की तो, त्याची मुले व नातवंडे पोर्तुगीज नागरिक होऊ शकतात. आदेशातही आजीआजोबा होते, येथेही आजीआजोबा. एकाच आजीच्या जन्मदाखल्यावर दोन राष्ट्रे हक्क सांगू लागली. पोर्तुगाल युरोपीय समूहात गेल्यावर त्या नोंदीला मोल आले. हजारो गोमंतकीय व दमणकर ती करून इंग्लंडात गेले. स्विंडन व लेस्टर ही नावे सासष्टी-दमणच्या घराघरांत पोहोचली. २०२० च्या अखेरीस ब्रिटन युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडले तेव्हा ही वाट अरुंद झाली, पण बंद झाली नाही.

भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. आता वाद असा, की लिस्बनला केलेली नोंद म्हणजे नवे नागरिकत्व घेणे, की जुन्या जन्माची आठवण देणे? कित्येकांचे भारतीय पारपत्र ह्या वादात रद्द झाले आणि ओसीआय कार्डासाठी लागणारा दाखला मिळेना. २०२४ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पारपत्र रद्द झाल्याचे प्रमाणपत्रही चालेल असे कळवून काही जणांची सुटका केली. म्हणजे १९६२ चा प्रश्न साठ वर्षांनंतर उलट्या बाजूने आला. तेव्हा परके राष्ट्रीयत्व राखून गावी राहता येईना. आता परके राष्ट्रीयत्व घेऊन गावी परत येता यावे यासाठी धडपड. फादर मोंतेरो यांनी जो अर्ज केला नाही, तशाच अर्जासाठी आज त्यांच्या गोव्याची नातवंडे रांगेत उभी असतात.

हाँगकाँग १९९७ साली चीनकडे गेले तेव्हा तेथील रहिवाशांच्या हाती ब्रिटनने असे पारपत्र ठेवले, की ज्याने जगभर प्रवास करता येई, पण ब्रिटनमध्ये वस्ती करता येत नसे; ती सवड २०२१ पासून मिळाली. मकाव १९९९ साली पोर्तुगालने सोडले. तेथील पोर्तुगीज पारपत्रधारकांना चीनने सांगितले, की हा कागद प्रवासापुरता वापरा, आमच्या दृष्टीने तुम्ही चिनीच आहात. योगायोग असा, की तीही तारीख २० डिसेंबरच.

आम्ही पूर्णगडाहून खाली उतरलो तेव्हा खाडीतून एक होडी बाहेर निघण्याच्या तयारीत होती. तांडेलाने जाळे, बर्फ, डिझेल पाहिले, आणि मग खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक ओळखपत्र काढून नीट आहे की नाही ते तपासले. मुंबईवर २००८ साली समुद्रमार्गे हल्ला झाला, त्यानंतर मच्छीमारांना ही ओळखपत्रे देण्यात आली. “हे नसलं तर?” आम्ही विचारले. “मग दर्यात कोणी अडवलं की म्हणायचं काय?” तो म्हणाला, आणि गावखडीच्या बाजूने भरती उतरू लागलेली पाहून त्याने इंजिन सुरू केले.